वाणात लुटलेली बाग

आमच्या लेआउटमधले शेजारीपाजारी हल्ली पाहुण्यांना माझी बाग दाखवायला आणतात. पाहुणा फाटकातून आत येतो, इकडे बघतो, तिकडे बघतो आणि विचारतो, "बाग कुठे आहे?" मी म्हणते, "तुम्ही उभे आहात तीच." एक कडुनिंब, एक तुळस, मोगऱ्याचं एक झुडूप आणि त्यांच्यामधून फिरणारी मुरमाची वाट. बाकी सगळी मोकळी जमीन. एवढ्यासाठी मी वर्षभराहून जास्त खपले आहे आणि कोणी कौतुक केलं की मला मनापासून आवडतं. उगाच "कुठे हो, काही विशेष नाही" म्हणायचा माझा स्वभाव नाही.

मी मूळची अकोल्याकडची, खारपाण पट्ट्यातली. आमच्या विहिरीला पाणी भरपूर होतं, पण त्यात डाळ धड शिजत नसे, मग फुलझाडं कुठली जगणार? त्यामुळे माहेरी बाग नव्हती. अंगणात एक कडुनिंब आणि त्याच्याखाली चोपून, सारवून केलेली जमीन. सकाळी ती झाडून झाली की माझी आई कमरेवर हात ठेवून थोडा वेळ नुसती बघत उभी राहायची. रिकामी जागासुद्धा बघण्यासारखी असते हे मी तिच्याकडून शिकले. लग्न होऊन अमरावतीत आले, तेव्हा मात्र हे कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

कारण इथे सासूबाईंची बाग होती. बाग म्हणजे काय, वॉल कंपाउंडच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाच्या बादल्या, फुटके माठ, गळक्या कळश्या, तेलाचे डबे आणि त्या सगळ्यांत काही ना काही उगवलेलं. शेवंती, सदाफुली, गवती चहा, कोरफड, ओव्याचं पान, अडुळसा, क्रोटनचे सगळे रंग. त्यात आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्यांऐवजी रोपं द्यायची टूम निघाली. मला दर साली पिशवीभर रोपं मिळू लागली. वाणाला नाही म्हणायचं नसतं आणि आलेलं वाण फेकायचं तर मुळीच नसतं. मी ती घरी आणायची, सासूबाई त्यांना डबा शोधायच्या. एखादं मेलं तर त्या दिवसभर हळहळायच्या.

त्या बागेत सासूबाईंची पहाटे एक फेरी आणि संध्याकाळी एक फेरी असे. सासरे गेल्यानंतरही ती चुकली नाही. ती वेळ त्यांची एकटीची होती. तेव्हा त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे.

मग डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू बाजूबाजूने खात आला आणि आम्हाला कळलं तेव्हा त्यांना फक्त समोरचं थोडंसं, धूसर दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून सांभाळा. त्यानंतरच्या दिवाळीत त्या बागेत एका बादलीला अडखळून पडल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टाके पडले. नागपूरची माझी नणंद धावत आली आणि तिने जाहीर केलं, "आईले मी नेते. मायी लिफ्टची बिल्डिंग हाय. तिथं पडाले जागाच नाई."

"अन् फिराले?" सासूबाईंनी विचारलं.

नणंद म्हणाली, "मी हात धरून फिरवीन ना वो माय."

 सासूबाईंना मी कधी कोणाचा हात धरून चालताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या तोंडाकडे बघून मला जे कळलं ते नणंदेला कळलं नाही. ती प्रेमानेच बोलत होती, म्हणून मी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "पुढच्या थंडीपर्यंत थांबा. आई जर अंगणात एकट्या फिरू शकल्या नाहीत, तर मी स्वतः त्यांना नागपूरला आणून सोडीन." नणंद बरं म्हणाली. आमचे हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांचं घरच पैजेवर लावलं होतं.

बोलून तर बसले होते. आता बाग रिकामी करणं आलं आणि ते सासूबाईंना सांगणंही आलं.

"मायी झाडं जड झाली का तुले?" त्या म्हणाल्या. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. जेवणाचं ताट समोर ठेवलं की जेवायच्या, पण भाजीला मीठ कमी आहे हेसुद्धा सांगायच्या नाहीत. मला त्या मिठाचंच फार वाईट वाटायचं. एवढी झाडं कंपाउंडबाहेर टाकणं मलाही जमलं नसतं. निम्मी तर कोणी ना कोणी कुंकू लावून आमच्या ओटीत घातली होती.

तीळ भाजता भाजता मला सुचलं. मी कढई तशीच उतरवून त्यांच्याकडे गेले. "आई, वाण म्हणून आली ना, मंग वाण म्हणूनच जाऊ द्या. औंदा मी आपली बागच लुटते. अन् झाडं तुमी द्याची, तुमच्या हातानं."

त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "माया हातून घेतील का बाया?"

"हळदीकुंकू माया घरचं हाय," मी म्हणाले. "ज्याइले घ्याचं नसंन, त्याइनं तीळगूळ घेऊन जावं."

हळदीकुंकवाच्या दिवशी मी त्यांची खुर्ची कडुनिंबाखाली मांडली आणि डबे, बादल्या भोवती लावले. मी कुंकू लावायची, सासूबाई झाड द्यायच्या. विधवा बाईच्या हातचं वाण म्हणून दोघीतिघींच्या भुवया वर गेल्या. मी तिकडे बघितलंच नाही. सासूबाई आधी पान चुरगळून हुंगायच्या, बोटांनी चाचपायच्या आणि मग सांगायच्या, "ही शेवंती, हिले पाणी कमी दे," "हा अडुळसा, पोट्ट्याइच्या खोकल्याले." त्यांना दिसत नाही हे काही जणींच्या लक्षातसुद्धा आलं नाही. ज्यांच्या भुवया वर गेल्या होत्या त्याच शेवटी रांगेत उभं राहून आणखी एखादं मागत होत्या. अंधार पडेपर्यंत अंगण रिकामं झालं. मोगऱ्याची कुंडी मात्र त्यांनी मांडीजवळ ओढून घेतली होती. "हे नाई देत मी. हे मायं." त्या रात्री जेवताना त्या म्हणाल्या, "वरण अळणी झालं वो आज." मला रडूच आलं.

मग आखणी. कागदबिगद नाही. मी रांगोळीचा डबा घेतला आणि सासूबाईंना पुढे चालायला सांगितलं. त्या जिथे पाय टाकतील तिथे मी रेघ ओढत गेले. ओसरीच्या पायरीपासून तुळस, तुळशीपासून कडुनिंब, तिथून फाटक आणि नळावरून परत पायरी. नळापाशी वळण लागतं, तिथे त्यांनी मोगरा लावायला सांगितला, म्हणजे वास आला की वळायचं. दोन्ही कडांना विटांची उभी ओळ, काठी लागावी इतकीच उंच. मी वाट रुंद धरली होती. त्यांच्या काठीचं टोक मी दोन्ही रेघांना टेकवून दाखवलं, तशा त्या म्हणाल्या, "एवढी कायले? तू बाजूनं चालशीन, मंग हात धरशीन. एकटीपुरती कर." मी रेघ पुसली आणि अरुंद वाट आखली. बागेतली कुठलीही गोष्ट त्या वाटेच्या कामी येते का, एवढंच विचारायचं असं मी ठरवलं. येत नसेल तर ती नको. गुलाबाचा मला मोह होता, तोही सोडला.

फरशी बसवायच्या वेळी मात्र आमच्या घराण्याने माती खाल्ली. आमच्या यांची भातकुलीकडे शेती. खाली काळी कसदार जमीन लागली की या माणसाचा ऊर भरून येतो. घर बांधताना पायव्यात मुरूम भरतात हे त्यांना काय माहीत नव्हतं? पण वाटेसाठी दोन फूट काळी माती उकरून टाकायची म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणी गाभण गाय विकायला सांगितली. "घराले मुरूम लागते. चालाच्या वाटेले काय लागते? अशी माती कोणी काढून टाकते का?" खरं सांगायचं तर मलाही ती काढवेना. आम्ही तिच्यावरच सरळ फरशी बसवली. दिसायला देखणी दिसली. पावसाळ्यात माती फुगली, उघडीप मिळाली की वाळून आकसली आणि पोळ्यापर्यंत एकही फरशी दुसरीच्या पातळीत राहिली नाही. एका उचललेल्या कडेला सासूबाईंचा अंगठा ठेचला. त्या दिवसापासून त्या पायरी उतरेनाशा झाल्या.

दसरा जवळ आला होता, म्हणजे थंडी आलीच. मी फरश्या उचलायला लावल्या आणि स्वतः खणायला उभी राहिले. हे आधी नुसते बघत होते, मग फावडं माझ्या हातातून घेतलं. वाटेखालची सगळी काळी माती निघाली. ती मात्र त्यांनी कंपाउंडबाहेर पडू दिली नाही. पोत्यांत भरली, टेम्पो बोलावला आणि शेतात नेऊन टाकली. शेतातली माती गावात आणलेली मी पाहिली होती, गावातली माती शेतात नेणारा हा एकटाच. खड्ड्यात मुरूम भरला, पाणी मारलं, धुमसाने ठोकला, पुन्हा भरला, पुन्हा ठोकला. विटा परत ओळीत लावल्या. मोगरा नळाशी गेला.

पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला मी फोनवर दाखवलं. ती ओरडलीच, "आई, हे तर एकदम मिनिमलिस्ट गार्डन! कोणाकडून डिझाइन करून घेतलंस?" तिच्या पुण्यात यासाठी लोक पैसे देऊन माणूस बोलावतात म्हणे. मी म्हणाले, "कोणाकडून म्हणजे? खाऱ्या पाण्याच्या गावची आहे मी." तिला काही कळलं नाही, पण मला माझं कळत होतं. माझ्या माहेरी ज्याला काहीच नाही म्हणत, ते मी अमरावतीत भर लेआउटमध्ये मांडून दाखवलं होतं.

थंडीत नणंद आली. रिकामी बॅग घेऊनच आली होती. चहा होईपर्यंत तिने आईच्या लुगड्यांच्या घड्यासुद्धा काढल्या. सासूबाई उठल्या, काठी घेतली आणि दाराकडे निघाल्या. नणंद धरायला उठली, तर मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. पण माझं मलाच राहवेना. सासूबाई पायरी उतरल्या तशी मीही चपला न घालता हळूच मागे गेले. तुळशीपर्यंत गेल्यावर त्या थांबल्या.

"कोण हाय मांगं?"

"मी हाय, आई."

"मांगं मांगं काहून येऊन राहिली? मले वाट सापडत नाई का? जाय, आपलं काम कर."

मी परत आले आणि परातीत कणीक घेतली. नणंद खिडकीत उभी होती. आई कडुनिंबापाशी पोचली, आई फाटकाला हात लावून वळली, असं ती मला सांगत होती. "वहिनी, येऊन पाहा ना वो. एकटी चालून राहिली."

मला बघायचं होतं. जीव तुटत होता माझा बघायला.

"आईनं मले काम सांगतलं हाय," मी म्हणाले आणि खिडकीकडे पाठ करून कणीक मळत राहिले.