वडिलांशेजारची जागा

कुंपणाच्या आत तिला सगळे मावशी म्हणायचे आणि बाहेर, वस्तीत, मधली. मावशी म्हटलं की काम आलं आणि मधली म्हटलं की घरातलं काहीतरी निस्तरायचं आलं, एवढाच काय तो फरक. ऊन चढायच्या आत सोलरच्या प्लेटा धुवायच्या, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. खांद्यावर पाइप, हातात लांब दांड्याचा ब्रश आणि समोर रांगाच रांगा. धुऊन होताहेत तोच वारा नवी धूळ आणून ठेवायचा. पाणी टँकरने यायचं, गाळलेलं, काचेवर डाग न ठेवणारं. वस्तीतल्या बाया एकदा तेच प्यायला मागायला गेल्या, तर उत्तर आलं, ते प्लेटांचं आहे. घ्या!

जमीन मुळात वस्तीचीच. म्हणजे कुणा एकाची नव्हे, सगळ्यांची. गुरं तिथे चरायची आणि माणूस गेला की तिथेच पुरायचा. वर दगड नाही, नाव नाही. कशाला हवं? अमक्याचं झुडूप, तमक्याचा उंचवटा, लहानथोरांना तोंडपाठ होतं. मोजणीवाल्यांना मात्र थडगं कुठे दिसलं नाही, त्यांनी कागदावर 'पडीक' लिहून टाकलं. वस्ती ओरडली, कोर्टात गेली आणि तिथे घोडं जे अडलं ते अडलंच. तोवर कुंपण उभं राहिलं, त्यावर पाटीही लागली, 'स्वच्छ ऊर्जा, सर्वांसाठी'. ज्यांच्या विरोधात घसा फोडला, त्यांच्याकडेच मधली कामाला लागली. लोक बोलले. बोलेनात का, घर त्यांना चालवायचं नव्हतं.

मग आई अंथरुणाला खिळली आणि तिने एकच धोशा लावला, "मला तुझ्या बाबांशेजारी ठेवा." झालं! मधलीचे सुपरवायझरकडे खेटे सुरू झाले. माणूस वाईट नव्हता, तोही बिचारा दमलेलाच होता.

"मावशी, माझ्या हातात काय आहे? वरून येऊ द्या."

"वर म्हणजे कुठे, साहेब? सांगा, मी जाते."

वर म्हणजे कुठे, हे त्यालाही धड ठाऊक नव्हतं. अर्ज झाले, आठवण करून देऊन झाली, मधलीच्या नाकी नऊ आले. शेवटी एका सकाळी धुणाऱ्या सगळ्या बाया ब्रश टाकून फाटकाशी बसल्या, त्या उठेचनात. प्लेटांवर धूळ साचली, वीज घटली आणि वरच्यांना एकदम कंठ फुटला. परवानगी आली. हाताने खणायचं, केबल नसेल तिथेच, आणि फोटो काढायचे नाहीत.

मधली धावत घरी गेली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जागा नक्की ठाऊक आहे ना गं तुला?"

"अगं, रोज तिथेच असते मी! कडेच्या रांगेच्या टोकाला. ओंजळभर पाणी टाकते बाबांना, प्लेटांच्या पाण्यातलंच."

"चोरटी कुठली!" आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती. त्याच आठवड्यात ती गेली.

फाटक उघडलं. कुंपण उभं राहिल्यापासून वस्ती पहिल्यांदाच आत आली, आईला खांद्यावर घेऊन. आत आली आणि थबकली. उंचवटा नाही, झुडूप नाही. मशीन फिरवून सगळं सपाट केलेलं, वर खडी ओतलेली आणि जिकडे पाहावं तिकडे एकसारख्या रांगा.

"इथून ओढा दिसायचा," चुलते म्हणाले.

"छे, भलतंच काय! ओढा त्या अंगाला," आत्या म्हणाली. तिचा सख्खा भाऊ इथे पुरलेला, पण तीही गरागरा फिरून पुन्हा तिथेच येऊन उभी राहिली. खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. मग आत्या वळली. "मधले, तू रोज येतेस. तूच सांग बाई."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. कामाच्या पहिल्या दिवशी तिनेही असंच शोधलं होतं. वेड्यासारखं शोधलं होतं, आणि सापडलं नव्हतं. पाइप पोचत होता, थोडी सावली होती, म्हणून ते टोक तिने धरलं. मग रोज पाणी टाकता टाकता तिथेच बाबा आहेत असं तिला खरंच वाटायला लागलं. एवढी भांडून जागा मिळवली आणि जागाच उरली नव्हती. त्या सपाट जमिनीचा तिला असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"इथेच," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला शंका राहू नये इतक्या मोठ्याने.

सुपरवायझरने नकाशात केबल पाहिली आणि मान डोलावली. चुलत्यांनी खडी बाजूला सारून कुदळ मारली. आईला खाली ठेवलं. माती द्यायची पाळी आली तेव्हा मधली गुडघ्यांवर बसली, खड्ड्यात वाकली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, "आई, बाबा इथे आहेत की नाही, मला माहीत नाही गं. आता तूच शोध त्यांना."