रेजिना टीचरचे त्रेचाळीस

शारजात आमच्या सईच्या शाळेच्या फाटकाशी दुपारी उभं राहिलं की आतून मोजणी ऐकू यायची. "एक!" हे केरळचं पोरगं. "दोन!" ही पेशावरची मुलगी. "तीन!" हा ढाक्याचा. असं करत करत थेट त्रेचाळीसपर्यंत, आणि तेही खणखणीत मराठीत! समोर उन्हात बोट उंचावून उभ्या असायच्या रेजिना टीचर. मुक्काम पोस्ट वसई, उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या गोदामापर्यंत जाईल एवढा.

टीचर शिकवायच्या इंग्रजीत, ओरडायच्या हिंदीत आणि मोजायच्या मराठीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "सावंत, देवाची प्रार्थना आणि पोरांची मोजदाद आपल्या भाषेत करावी. चुकत नाही." खरं कारण मला मागाहून कळलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एक पोरगं बसच्या मागच्या सीटवर झोपून राहिलं होतं. दहा मिनिटांत सापडलं, हसत उतरलं. "पण त्या दहा मिनिटांत मी म्हातारी झाले हो," त्या म्हणाल्या. तेव्हापासून प्रत्येक पोराला नंबर. नियम एकच, आधीचा नंबर आल्याशिवाय पुढच्याने तोंड उघडायचं नाही. आमची सई सतरा. घरी "जेवायला चल" म्हटलं तर "टू मिनिट्स, बाबा" म्हणणाऱ्या मुलीला मराठीतला हा एक शब्द पक्का येत होता.

वर्ग होता तिसांचा. पोरं त्रेचाळीस. फी महिना चारशे दिऱ्हम, म्हणजे आपले नऊ हजारांच्या वर, आणि त्या गावात याहून स्वस्त काही मिळत नाही. त्यामुळे आम्ही पालक गप्प. टीचर गप्प बसत नव्हत्या. दर महिन्याला ऑफिसात जाऊन एकच मागणी, "वर्गाचे दोन करा. मला दोनच डोळे आहेत." ऑफिसचं उत्तरही एकच, "इन्शाल्ला." एक दिवस त्या वैतागून मला म्हणाल्या, "तो इन्शाल्ला देवाचा नाही हो, ऑफिसचा आहे."

मग इन्स्पेक्शन आलं. इन्स्पेक्शनच्या बाई पालकांशीही बोलतात, म्हणून शाळेने बोलघेवडा पालक शोधला, आणि तो निघालो मी! शेजाऱ्याचा टाय मागून आणला. सुपरवायझर बाईंनी माझ्याकडून तीनदा घोकवून घेतलं, "काहीही विचारलं तरी 'व्हेरी हॅपी, मॅडम' म्हणायचं." वर्गात मागच्या बाकावर बसलो. गुडघे हनुवटीला टेकत होते. वर्ग आज मोकळामोकळा वाटत होता, पण मी टायच्या गाठीशी झगडण्यात गुंग.

काळा अबाया घातलेल्या, शांत चेहऱ्याच्या बाई आत आल्या. त्यांनी हसून विचारलं, "टीचर, दिवसाची सुरुवात कशी करता?"

रेजिना टीचरनी बोट उंचावलं.

"एक!" "दोन!" "तीन!" आणि शांतता. पाचव्या नंबरचा हमजा ओठ घट्ट मिटून बसलेला. नियम म्हणजे नियम. सुपरवायझर बाई दाराशी घाम पुसू लागल्या. इन्स्पेक्शनच्या बाईंनी हमजाला विचारलं, "काय झालं?"

"फोर इज इन द बस, मॅम," हमजा म्हणाला.

"चार" टीचरनीच हळूच म्हटला आणि गाडी पुढे सरकली. नऊला पुन्हा थांबली. मग मला उलगडा झाला. अहो, आमच्या गोदामातही ऑडिटच्या दिवशी जादा माल जबल अली बंदरातल्या कंटेनरमध्ये हलवतात! इथे तेरा पोरं बसमध्ये भरून फिरायला धाडली होती. मी मनातल्या मनात शाळेच्या डोक्याला दाद दिली, गालातल्या गालात हसलोसुद्धा. तेवढ्यात "सोळा!" आला, आणि पुढे काहीच आलं नाही.

बाकासकट उभा राहिलो. "सतरा कुठाय?" मी मराठीत ओरडलो. "माझी सई कुठाय?" सगळा 'व्हेरी हॅपी' तिथेच खलास झाला.

"यल्ला, चला," इन्स्पेक्शनच्या बाई उठल्या, "बस दाखवा."

बस कोपऱ्यावरच उभी होती. एसी चालू, तेरा पोरं चिप्स खात मजेत. सई म्हणाली, "बाबा, व्हाय आर यू वेअरिंग अ टाय?" मी तिला इतकं घट्ट धरलं की चिप्सचा चुरा झाला. टीचरनी तिथेही बोट उंचावलंच, आणि गाळलेले तेरा नंबर मोजून घेतले. "मुद्दाम केलंत ना?" मी नंतर विचारलं. "सवय हो, सवय," त्या म्हणाल्या. पण डोळे हसत होते.

महिन्याभरात वर्गाचे दोन झाले. दुसऱ्या वर्गासाठी शाळेने मिस्टर टॉम आणले. गोरापान, कोवळा मुलगा, पहिलीच नोकरी. त्याच्या एका पगारात तीन रेजिना टीचर बसल्या असत्या, आणि याच टीचर त्याला पोरं कशी सांभाळायची ते शिकवत होत्या. आणि आम्ही पालक? गोऱ्याच्या वर्गात घाला म्हणून ऑफिसात रांग लागली. खोटं कशाला बोलू, रांगेत मीही होतो. सईचा अर्ज मंजूर झाला.

वर्षअखेरीस टीचरचा करार वाढवला नाही. कारण सांगितलं, खर्च वाढला. खरं कारण, ती इन्स्पेक्शनच्या दिवशीची मोजणी, सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बाजूने ऑफिसात जायची भाषा पुष्कळ झाली, गेलं कोणी नाही. मीसुद्धा शेपूट घातली. शेवटच्या दिवशी फाटकाशी त्यांना गाठून म्हटलं, "टीचर, मी अर्ज केला होता."

"ठाऊक आहे. एकवीस अर्ज आले. मोजले मी."

"मराठीत?"

"मग!" त्या हसल्या. "अहो, मनाला लावून घेऊ नका. माझ्या पोरीला मीही त्याच्याच वर्गात घातलं असतं." हे ऐकून मला जास्तच लाज वाटली.

वर्ग फुटल्यावर टीचरनी पोरांना नवे नंबर दिलेच नव्हते. बावीसांच्या रांगेपुढे उभ्या राहून गाळलेले नंबर त्या स्वतः पुटपुटायच्या. त्या दुपारीही बोट वर गेलं. "एक!" "दोन!" "तीन!" आता चार पुटपुटायला त्यांनी तोंड उघडलं, तोच पलीकडच्या, टॉमच्या रांगेतून आवाज आला, "चार!"

टीचर थबकल्या. "पाच!" हमजा ओरडला. सहा इकडून, सात तिकडून. सोळा आला, आणि मी श्वास रोखला. "सतराऽऽ!" आमची सई एवढ्या जोरात कधी ओरडली नव्हती. मी तोंड वळवून डोळे पुसले. त्रेचाळीस झाले. मग कोणी न सांगता, कान लाल करून, मिस्टर टॉम कसंबसं म्हणाला, "चव्वेचालिस."

टीचरचं बोट बराच वेळ वरच राहिलं.

"खलास," त्या म्हणाल्या. "सगळे आले." रोज शेवटचं पोर बसमध्ये चढल्यावर निघणाऱ्या रेजिना टीचर त्या दिवशी सगळ्यांत आधी फाटकाबाहेर पडल्या.