तिच्या लॉगिनवरून

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. नाशिकला कॉलेजच्याच हॉस्टेलवर राहायचे. खोलीत आम्ही दोघी. मी मनमाडची, वडील रेल्वेत. ती सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. घरचे भात-नागली पिकवायचे आणि पाऊस सरला की द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरायचे. पाड्यावरून इंजिनिअरिंगला आलेली ती पहिलीच.

हॉस्टेलच्या वायफायला प्रत्येकीचं वेगळं लॉगिन होतं आणि दिवसाला ठरावीक डेटा. माझा दुपारीच संपायचा, तिचा पडून असायचा. "वापर ना माझा, मला कुठं लागतो," म्हणत तिनेच पासवर्ड दिला होता. त्यावर मी टॉरंट लावून फुकटात फायली उतरवायचे. एक-दोन पुस्तकं अभ्यासाची होती, हे खरं. बाकी सगळे सिनेमे.

एका सोमवारी सकाळी मेसमधून येताना नोटीस बोर्डापाशी गर्दी दिसली. कॉलेजच्या नेटवर्कवरून कॉपीराइट असलेल्या फायली बेकायदा उतरवल्या आणि वाटल्या गेल्याची तक्रार आली होती. दोषी आढळल्यास हॉस्टेलमधून काढणार, निलंबनही होऊ शकतं. खाली चार रोल नंबर. तिसरा तिचा. माझा नव्हता.

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. हे सांगायला आजही जड जातं. मग तो तिसरा नंबर मी पुन्हा वाचला.

"वाटल्या म्हणजे काय?" तिने खोलीत विचारलं. "मी तर कोणाला काही दिलं नाय."

मला माहीत होतं. टॉरंटवर फाईल घेताना तीच फाईल आपल्याकडून पुढे दुसऱ्यांना जात असते. मी म्हणाले, "त्यांचीच काहीतरी चूक असेल."

तिला बुधवारी कॉलेजच्या चौकशी समितीपुढे बोलावलं होतं. त्या दोन दिवसांत मी लॅपटॉपवरचं सगळं पुसून टाकलं. पुसूनही भीती जाईना. पॅसेजमध्ये पावलं वाजली की वाटायचं, वॉर्डन मॅडम आपल्याच दाराशी थांबणार. पप्पांचा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. आवाजावरूनच त्यांना कळेल असं वाटलं. मनात एकच हिशोब चालू होता: तिने माझं नाव घेतलं तर काय सांगायचं.

बुधवारी सकाळी ती दहावीपासूनच्या मार्कशीट, जातीचा दाखला, सगळं फाईलमध्ये लावत बसली होती.

"कागद कशाला?"

"बोलावलंय म्हणजे मागतील ना." मग जरा थांबून म्हणाली, "तू चल माझ्याबरोबर. एकटीला भीती वाटते."

मी गेले. नाही म्हणायलाही धीर लागतो, तो माझ्यात नव्हता.

आत तिघं होते: समितीचे प्रमुख सर, वॉर्डन मॅडम आणि नेटवर्क सांभाळणारे सर. मला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. नेटवर्कवाल्या सरांनी तिच्यापुढे छापील यादी ठेवली. पहिल्याच ओळीत मी रविवारी पाहिलेला सिनेमा होता.

"हे तू उतरवलंस?"

"नाही सर."

"लॉगिन तुझं आहे. पासवर्ड कोणाला दिला होतास?"

तिने यादीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "कोणाला नाही," ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं की हे मीच केलंय हे तिला सोमवारपासूनच माहीत होतं. मी खुर्चीवरून उठले.

"सर, मी वापरलं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मॅडमनी पुन्हा बोलायला लावलं.

शुक्रवारी पप्पांना बोलावलं. त्यांनी हमीपत्रावर सही केली. माझं इंटरनेट वर्षभर बंद झालं, हॉस्टेल मात्र राहिलं. पासवर्ड देणंही नियमाबाहेरचं, म्हणून तिलाही लेखी ताकीद मिळाली. मी पप्पांबरोबर गेटपर्यंत गेले. रिक्षात बसताना ते म्हणाले, "त्या पोरीला काढलं असतं तर तू काय केलं असतंस?"

रिक्षा निघून गेली.

खोलीवर आल्यावर मी तिला विचारलं, "माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील असं वाटलं होतं," ती म्हणाली. "दोन दिवस वाट बघितली."

उरलेलं वर्षभर आम्ही त्याच खोलीत राहिलो, बोलत होतो, अभ्यासही एकत्र केला. तिसऱ्या वर्षी तिने दुसरी खोली मागून घेतली.