नुसती पिवळी

काढेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण कापडाच्या कारखान्यात बावीस वर्षं तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. डाळिंबाच्या साली आणि हिरडा उकळून दाट काढा करायचा, तुरटीच्या पाण्यातून काढलेलं कापड त्यात बुडवायचं आणि सावलीत वाळवायचं, हे तिचं काम. अशा कापडावर जंतू सहसा वाढत नाहीत, म्हणून इस्पितळातल्या भाजलेल्यांच्या वॉर्डाला इथूनच चादरी जात. बाई तोंडाची फटकळ. काढा पातळ झाला तर मालकाचीही गय करायची नाही. चार महिन्यांपूर्वी तिला बढती मिळाली, म्हणजे कढईपासून उठवून लांबच्या गोदामात खुर्चीवर बसवलं आणि तयार गठ्ठ्यांवर सह्या करायला लावल्या. गठ्ठा उघडायचा, पिवळा रंग जमलाय का बघायचं, सही ठोकायची. बाईला वाटलं, चला, गुडघ्यांना आराम पडला.

त्याच वॉर्डात तिची थोरली बहीण आया आहे. रविवारी भाजी निवडता निवडता ताई कौतुकानं म्हणाली, "तुझ्या नव्या चादरी झकास आहेत गं. पूर्वी पलंगाचा गंज लागून काळे डाग पडायचे, घासून घासून माझे हात भरून यायचे. आता एक डाग नाही."

काढेबाईचा हात जागीच थांबला. डाग नाही म्हणजे काय? लोखंड लागलं की काढ्याचं कापड काळं पडणारच. नव्या माणसांना ती हेच तर शिकवायची: गंजक्या खिळ्यांचं पाणी बाटलीत भरून ठेवा, कापडावर एक थेंब टाका, काळा झाला तर काढा मुरलाय. ताई आपली बोलतच होती. चादरी औषधाच्या, शिवाय डागही पडत नाहीत, म्हणून वॉर्डात त्या आता रोज नाही, दिवसाआड बदलतात, तेवढंच धुणं कमी.

सोमवारी बाईनं बारा गठ्ठे उघडले आणि प्रत्येकातल्या एका चादरीवर थेंब टाकला. एकही काळी पडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ती मॅनेजरच्या खोलीत घुसली. त्या गृहस्थाला लाजही वाटली नाही. इस्पितळानं डागांची तक्रार केली होती, म्हणून त्यानं काढा बंद करून पिवळी पावडर आणली, तक्रार मिटली, विषय संपला. जंतू वाढत नाहीत असा तपासणीचा जो दाखला इस्पितळाला दाखवत, तो होता दोन वर्षांपूर्वीच्या, काढ्याच्या कापडाचा.

"डाग दिसतात, बाई," तो म्हणाला. "जंतू कुणाला दिसतात?"

बाईनं त्याची अशी खरडपट्टी काढली की बाहेरची यंत्रं थांबवून माणसं ऐकत राहिली. बोभाटा केलात तर घरी बसाल, असं त्यानं बजावलं. खुर्ची घाला चुलीत, म्हणून ती बाटली घेऊन इस्पितळाकडे निघाली. पण रस्ताभर तिनं शिव्या घातल्या त्या स्वतःला. दुसऱ्यांना थेंब टाकायला लावणारी ही दीडशहाणी, बूड टेकायला जागा मिळाल्यावर रंगावर भुलली होती. बाटली चार महिने फळीवर पडून होती आणि हिनं एकदाही हात लावला नव्हता.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरनं तिचं बोलणं ऐकलं, कपाटातल्या चादरीवर स्वतः थेंब टाकला आणि वाट पाहिली; थेंब काळा झाला नाही. मग सगळे पलंग ताबडतोब बदलायला सांगितले. या चादरी पास कुणी केल्या, असं तिनं विचारलं. काढेबाई म्हणाली, मीच. सिस्टर पहिल्या पलंगाकडे वळली.

ताईबरोबर बाईही कामाला लागली. तिसऱ्या पलंगावर पाठ भाजलेली एक मुलगी पालथी पडली होती. तिला उचलायचं म्हणजे जिवाची काहिली होणार, म्हणून तिनं चादरीचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं.

"ही राहू द्या ना," ती म्हणाली. "ही औषधाची आहे. हिच्यावर लवकर बरी होशील, असं आईनं सांगितलंय."

काढेबाई गुडघ्यांवर बसली आणि तिची मूठ हळूहळू सोडवू लागली.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "ही नुसती पिवळी आहे."