वेर्दिएसाहेबांची दिल्ली

वकिलातीत नोकरी करणाऱ्याच्या घरात किस्से आपोआप साठतात. ऑफिसात सांगायची सोय नाही, त्यामुळे ते नवऱ्याच्या माथी. तो आता कंटाळलाय, तेव्हा तुम्ही ऐका.

मी लंडनच्या फ्रेंच वकिलातीत. डिनरला कुठल्या पाहुण्याला कुठे बसवायचं, हे माझं काम. माझे साहेब मॉस्यू वेर्दिए. हुद्दा मोठा, पण राजदूत काही होईनात. रिटायरमेंट तोंडावर आणि डोळा दिल्लीवर. अडचण एकच. हा माणूस जन्मात कोणाला सॉरी म्हणालेला नाही, आणि पॅरिसमध्ये त्याचीच बोंब.

*

एकदा लंडन मेट्रोच्या ज्युबिली लाइनवर साहेबांनी एका इंग्रजाच्या पायावर पाय दिला. इथल्या रिवाजाप्रमाणे तो बिचाराच म्हणाला, ‘‘सॉरी.’’

साहेब म्हणाले, ‘‘ठीक आहे. पण पुन्हा नको.’’

*

मिल्टन कीन्स हे पावलोपावली राउंडअबाउट असलेलं गाव. तिथे कौन्सिलचा कार्यक्रम होता. त्यांना गोल गोल फिरून पोचलो, तर लोक खुर्च्या आवरत होते. मी कुजबुजले, ‘‘सर, निदान आता तरी सॉरी म्हणा.’’

साहेब माइकवर गेले. ‘‘तुम्ही सगळे लवकर आलात, त्याबद्दल फ्रान्सची तक्रार नाही.’’

*

जुन्या वळणाच्या राजनैतिक मंडळींचा एक रिवाज आहे. मानापेक्षा खालची जागा मिळाली, की पाहुणा प्लेट पालथी घालतो आणि जेवत नाही. साहेबांनी माझं न ऐकता एका म्हाताऱ्या राजदूतांना पार टोकाला बसवलं. सूप यायच्या आत त्यांनी शांतपणे प्लेट पालथी घातली.

साहेबांनी माफी मागायची सोडून पुढच्या डिनरला सूपच बदललं.

*

आणि मग पॅरिसहून मंत्रालयातल्या मादाम आल्या. दिल्लीला कोणाला धाडायचं, ते त्याच ठरवणार. साहेबांनी मला गाठलं. ‘‘अनघा, आम्हाला तुझ्या घरी जेवायला ने. भारतीय घरात मी कसा रमतो, ते मादामना दिसू दे.’’

वेम्बलीला आमच्या घरी सासूबाईंनी भरल्या वांग्यांचा बेत केला. धूळ बसू नये म्हणून त्या ताटं कायम पालथी मांडतात, आणि त्या आल्याशिवाय आमच्याकडे कोणी ताटाला हात लावत नाही. साहेब आणि मादाम येऊन बसले तेव्हा दीर, जाऊ, नवरा, सगळे आपापल्या पालथ्या ताटासमोर गप्प.

साहेब पांढरेफटक पडले. अख्खं घर एकदम रुसलेलं त्यांनी कुठल्याच देशात पाहिलं नव्हतं. मादाम त्यांच्याकडेच बघत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं आणि विचार करून मिटलं.

साहेब उठले, हात जोडले आणि म्हणाले, ‘‘सॉरी.’’ मग सुटलेच. न विचारता मानाच्या खुर्चीत बसल्याबद्दल, मिल्टन कीन्सबद्दल, ज्युबिली लाइनवरच्या त्या पायाबद्दल, म्हाताऱ्या राजदूतांबद्दल. मला खरंच वाईट वाटलं.

मादामनी चष्मा काढून डोळे पुसले. ‘‘दिल्ली,’’ एवढंच म्हणाल्या.

तेवढ्यात सासूबाई पातेलं घेऊन आल्या. हात जोडून उभ्या असलेल्या साहेबांना त्यांनी नीट न्याहाळलं आणि माझ्या कानाशी वाकल्या.

‘‘एवढी माफी मागतोय, म्हणजे तुला ऑफिसात फार छळत असणार. त्याला वांगं एकच वाढ.’’