माईकवरचा सा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत बक्षिसं द्यायला मालिकेतला तो खाष्ट सासरा आला होता. माईक हातात आला की कुणीही ‘हॅलो, हॅलो’ म्हणतं. त्यानं डोळे मिटून हलकेच ‘सा’ लावला.

माझ्या अंगावर काटा आला. कॉलेजात असताना याच्याच पॉप गाण्यांची कॅसेट मी फीत गुंतेपर्यंत ऐकली होती. आता हा गाणार, असं वाटलं.

“डायलॉग! डायलॉग!” मुलं ओरडली. शेजारच्या वहिनीही म्हणाल्या, “सुनेला हाकलता ना, तो म्हणा!”

त्यानं समोर बसलेल्यांवरून नजर फिरवली. ‘गाणं’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, पण एवढ्या लोकांत आपण एकट्यानं कसं ओरडायचं? त्यानं डोळे वटारले. “चालती हो!” मांडवभर टाळ्या पडल्या. त्यांत माझ्याही होत्या.

एखाद्याचं गाणं एका दिवसात बंद पडत नसावं. ज्यांना ते पाठ असतं, ते असे गप्प बसत जातात आणि मग तोही गप्प होतो.

“मघाशी सूर काय छान लावला हो! पूर्वी गायचा का हा?” वहिनींनी विचारलं.

“कुणास ठाऊक,” मी म्हणालो.