विनाशिकेसाठी तांदूळ

दुबईच्या देरा भागातला आमचा किराणा तोवर फक्त मालवाहू बोटींना जायचा. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, जपानी नौदलाच्या बोटी आमच्या बंदरांत थांबू लागल्या होत्या, आणि एका एजंटनं चक्क त्यांच्या एका विनाशिकेच्या, म्हणजे लढाऊ बोटीच्या, किराण्याची ऑर्डर आम्हाला दिली. माल पसंत पडला तर पुढच्या बोटीही आमच्या, नाहीतर खलास. आनंदानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तांदूळ मी स्वतः निवडला, जुना, लांबसडक बासमती. पाहुण्यांना उत्तमच द्यायचं, एवढंच डोक्यात.

जबल अली बंदराच्या धक्क्यावर ती करडी विनाशिका उभी होती. बोटीचा मुख्य आचारी खाली आला, केस पिकलेला, ताठ माणूस. बटाटे, कांदे, गाजरं पास झाली. मग त्यानं तांदळाचे दाणे तळहातावर घेतले आणि मान हलवली.

एजंट म्हणाला, "मॅडम, ये नहीं चलेगा. इनको चिपकनेवाला चावल माँगता. कल सुबह शिप निकलेगा."

घ्या! भात गिचका झाला तर आमच्याकडे सुनेची नाचक्की होते, आणि या जपान्यांना नेमका तसलाच हवा. सोबत आलेल्या आमच्या ह्यांनी बासमतीची पोती पुन्हा गाडीत चढवायला घेतली. मला मात्र एकदम इंद्रायणी आठवला. देऱ्यातला एक मराठी दुकानदार आपल्या लोकांसाठी तो मागवायचा.

"यल्ला, चला, गाडी काढा," मी म्हणाले.

"अगं, पण त्यांना चालेल का?"

"शितावरून भाताची परीक्षा. शिजवूनच नेते."

दुकानदाराकडची होती नव्हती ती पोती गाडीत टाकली, घरी कुकर लावला आणि दिवस मावळायच्या आत डबा घेऊन पुन्हा धक्का गाठला. आचाऱ्यानं बोटीवरून जेवायच्या काड्या मागवल्या. भाताचा घास न सुटता उचलला गेला तेव्हा मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. त्यानं डबा रिकामा केला आणि कागदावर सही केली.

मग तो एजंटशी बराच वेळ बोलला. एजंटनं मला सांगितलं, समुद्रावर सगळे दिवस सारखेच, म्हणून बोटीवर दर शुक्रवारी करी-भात असतो. त्यावरून पोरांना वार कळतो. आचाऱ्याची निम्मी नोकरी या एकाच विनाशिकेवर झाली होती. ही तिची शेवटची मोहीम. परत गेली की तिच्यावरचा झेंडा उतरवून तिला निवृत्त करणार होते.

आचारी माझ्याकडे वळला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तिचे उरलेले शुक्रवार, तुमचा तांदूळ." आणि कमरेत वाकला.

मी थोरामोठ्यांना करतात तसा वाकून नमस्कार केला. पुढच्या बोटी आम्हाला दिल्याचं एजंटनं तिथंच सांगितलं होतं म्हणे. मला ते ऐकूच आलं नव्हतं, घरी पोचल्यावर ह्यांच्याकडून कळलं.